आधी रंग, मग रेघ

मित्रांनो, माझ्या टोकाचे केस आता दोन्हीकडे पांगले आहेत. एक रेघ काढायला गेलो की दोन निघतात, आणि त्यांतली एक माझं ऐकत नाही. तरी ओळख सांगतो. मी जाड टोकाचा काळा ब्रशपेन आहे. व्यंगचित्रं काढणाऱ्यांच्या हाताशी असतो तसला.

माझा जन्म खूप लांबच्या कारखान्यात झाला. तिथं नायलॉनचे बारीक केस एका नळीत घट्ट बसवून त्यांना निमुळतं टोक दिलं, पोटात शाई भरली, वर टोपण दाबलं आणि मला भावंडांबरोबर खोक्यात आडवं केलं. माझ्या शाईचा स्वभाव कसा आहे, हे माझ्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. ते कुणी वाचलं नाही. वाचलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खोक्यातून निघालो तो थेट छत्रपती संभाजीनगरात, क्रांती चौकाजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात. दुकान म्हाताऱ्या चाचांचं होतं. शाळेच्या वह्या, नकाशे आणि लग्नाची पाकिटं यांच्या मधे काचेच्या बरणीत आम्ही उभे असायचो. आम्हाला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. एखादा कॉलेजचा मुलगा यायचा, बरणीतून उचलून तळहातावर रेघ ओढायचा आणि परत ठेवून जायचा.

मग एके दिवशी मनस्विनी आली. पंचविशीतली मुलगी, पाठीला सॅक. ती व्यंगचित्रंच काढायची, पण टॅबच्या काचेवर. तिथं रेघ चुकली की बोटानं टिचकी मारायची, रेघ गायब. खरा पेन तिनं शाळा सुटल्यापासून धरला नव्हता. तिला तो का लागला, ते आधी सांगतो, कारण माझं सगळं आयुष्य त्यावरच बेतलेलं आहे.

मनस्विनी समर्थनगरात आजोबांकडे राहायची. आजोबांचं नाव व्यंकटराव. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच कामं ठेवली होती, देवपूजा आणि पेटी. शेजारी भानुमतीबाई राहायच्या. त्या नारदीय कीर्तन करायच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, कासोटा घातलेलं नऊवारी, हातात चिपळ्या आणि आवाज असा की सांगता सांगता कधी गायला लागल्या ते कळायचंच नाही. दर शनिवारी संध्याकाळी कॉलनीतल्या दत्तमंदिराच्या सभामंडपात त्यांचं कीर्तन असे आणि व्यंकटराव पेटीवर असत. कीर्तन मोठं गोड. पण ऐकायला माणसं उरली होती सात, आणि सगळी साठीच्या पुढची.

मंदिराच्या किल्ल्या विश्वस्त सर्जेराव पाटलांकडे. हे मूळ पाचोडचे, तिकडे शेती, इकडे मुलाजवळ. माणूस धडधाकट, आणि मिशा तर अशा की माणसाच्या आधी त्याच दारातून आत यायच्या. सभामंडप शनिवारी कोचिंग क्लासला द्यावा, असं त्यांच्या मनात होतं.

"बाई, मी काय कीर्तनाच्या विरोधात नाय," ते म्हणाले. "पन सात माणसांसाठी चार पंखे फिरवायचे व्हय? त्यातली दोघं तर झोपलेलीच असत्यात."

"झोपले तरी देवापुढं झोपतात, पाटील," भानुमतीबाई म्हणाल्या.

"घरी झोपले तर लाईट त्यांची जळंल, देवळाची नाय."

भानुमतीबाईंना हसू आलं, पण मुद्दा त्यांना पटलाही. म्हाताऱ्यांच्या मागं मुलं आली नाहीत तर कीर्तन त्यांच्याबरोबरच संपणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी एक शनिवार मागून घेतला. त्या दिवशी मुलं आली आणि शेवटपर्यंत बसली, तर कीर्तन चालू राहील. उठून गेली, तर सर्जेराव किल्ली क्लासवाल्याला देतील. ठरलं.

मग त्यांनी मनस्विनीला गाठलं. "मी गोष्ट सांगते, तू शेजारी उभी राहून ती काढ. मुलांच्या डोळ्यांदेखत."

"टॅबवर काढू का?"

"त्यात तू काय करतेस ते फक्त तुलाच दिसतं गं. मोठ्या कागदावर काढ."

म्हणून मनस्विनी दुकानात आली होती. निवड कशी करायची, हे मात्र तिला येत होतं. मी ते बरणीतून पाहिलं. आधी तिनं रंगाचे मार्कर घेतले. एक प्रकार होता स्पिरिटवाला. रंग झकास, काचेसारखा सपाट बसणारा. तिनं टोपण काढलं, वास घेतला आणि लगेच लावून टाकलं.

"चाचा, हे मंदिरात कसं चालेल? उदबत्तीचा वास मरेल आणि पुढच्या मुलांचं डोकं दुखेल."

"तो पानीवाले लेलो बेटी. वास नक्को, कटकट नक्को."

तिनं पाण्याच्या शाईचे मार्कर घेतले. पिवळा, नारिंगी, तपकिरी, हिरवा, आकाशी. मग काळ्यासाठी बरणी पुढं ओढली. प्रत्येक पेनानं तिनं एकच गोष्ट काढली, भुवई. तुम्ही म्हणाल भुवईच का? तर भुवईत रेघ बारीक निघते, मधे जाड होते आणि परत बारीक होऊन संपते. ज्या पेनाला भुवई जमते त्याला राग जमतो, लबाडी जमते, आश्चर्य जमतं. स्पंजाच्या टोकाच्या पेनांनी बरी काढली, पण त्यांची भुवई सगळीकडून सारखी जाड, जणू चिकटवलेली. माझी पाळी आली. तिनं दाबलं, मी पसरलो. तिनं सैल सोडलं, मी मिटलो. भुवई अशी उमटली की खाली चेहरा नसूनही कुणीतरी रागावलंय असं वाटलं.

एवढ्यावर ती थांबली नाही. तो भुवयांचा कागद तिनं दुकानाच्या काचेला चिकटवला आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. मधून रिक्षा, टेम्पो, दुचाक्या. चाचा दारात येऊन ओरडले, "अगे बेटी, रस्ते में जाको क्या देखती?"

"मागच्या चटईवरून कुठली दिसेल ते बघते," ती तिकडूनच म्हणाली.

तिकडून फक्त माझी भुवई दिसली. अशी माझी निवड झाली. मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? एक परीक्षा मात्र राहून गेली. वाळलेल्या रेघेवर तिनं ओलं बोट फिरवून पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं माझ्यानं एक बकरी काढली. बकरी सुरेख आली. मग तिच्या पोटात तपकिरी मार्कर फिरवला, आणि माझी काळी रेघ त्या ओलाव्याबरोबर निघाली सैरावैरा. बकरी गटारातून आल्यासारखी दिसायला लागली. माझी शाई पाण्यात विरघळणारी होती. अंगावर छापलेलं होतं ते हेच.

"आजोबा, हा पसरतोय."

"बदलून आण."

"उघडलेला कोण परत घेईल? आणि चाचांकडचे सगळे काळे असेच आहेत. मी फोन करून विचारलं." ती कपाळाला हात लावून बसली. "टॅबवर असतं तर एका टिचकीत पुसून टाकलं असतं."

भानुमतीबाई चहा घेत शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ती बरबटलेली बकरी हातात घेऊन नीट पाहिली. "रेघेवर रंग दिला की पसरतो. मग रंगावर रेघ दिली तर?"

मनस्विनीनं तपकिरी रंगाचा एक नुसता डाग काढला. तो वाळू दिला. मग त्यावर माझ्यानं शिंगं, कान, दाढी आणि चार काटकुळे पाय ओढले. बकरी जागेवर उभी राहिली. एक थेंबही हलला नाही.

"झालं की," भानुमतीबाई म्हणाल्या. "आमचं तरी काय वेगळं असतं? आधी पूर्वरंग, मग आख्यान. पूर्वरंगात मी निरूपण करीन तेव्हा तू नुसते रंगाचे डाग देत जा. उत्तररंगात गोष्ट सुरू झाली की रेघ दे."

"पण पूर्वरंगभर मुलं नुसते डाग बघत बसतील?"

"बसतील नाही, भांडतील. हे काय आहे, ते काय आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकावर एक कार्डशीट लागलं. त्यावर एक तपकिरी डाग, एक नारिंगी डाग, आणि खाली लिहिलेलं, 'हे काय आहे? शनिवारी सहा वाजता दत्तमंदिरात कळेल.' माझ्या शाईचा दोष असा फाटकावर जाऊन बसला, आणि मुलं त्याच्यापुढं उभी राहून भांडू लागली.

शनिवार उजाडला. मुलं आली. किती आली ते मला मोजता येत नाही, पण चटया भरल्या आणि काही मुलं खांबांना टेकून उभी राहिली. सर्जेराव मागं खुर्चीवर, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. भानुमतीबाईंनी नमन केलं, अभंग लावला, आणि अहंकार म्हणजे काय ते मुलांच्या भाषेत सांगू लागल्या. मनस्विनीनं उभ्या फळीवर लावलेल्या कागदावर डाग द्यायला सुरुवात केली. मी तिच्या कानामागं खोचलेला होतो, टोपण लावून, माझ्या पाळीची वाट पाहत.

"ती गुळाची ढेप आहे," पुढं बसलेली प्रेरणा नावाची मुलगी ठामपणे म्हणाली.

"अस्वल आहे."

"अस्वल एवढंसं असतं का रे?"

"जन्मलंय आत्ताच."

भानुमतीबाई निरूपण थांबवत नव्हत्या, पण मधेच म्हणायच्या, "ढेप म्हणणाऱ्यांनीही थांबा, अस्वलवाल्यांनीही थांबा. मला ठाऊक आहे, हा अहंकार माणसाला अशीच घाई करायला लावतो." मुलं हसायची आणि परत डागांकडे बघायची. व्यंकटरावांच्या पेटीचे सूर त्या दिवशी काही वेगळेच लागत होते.

पूर्वरंग संपला आणि मधलं भजन सुरू झालं. या वेळी आपल्याकडे रीत असते, तुम्ही पाहिली असेल. कीर्तनकाराला हार घालतात, गंध-बुक्का लावतात, आणि मग पेटी, तबला, झांजा या सगळ्या साजालाही गंध लावतात, कारण देवाचं नाव त्यांच्यातूनही निघतं. व्यंकटराव तबक घेऊन उठले. भानुमतीबाईंना हार घातला. पेटीला गंध लावलं, तबल्याला लावलं. मग ते मनस्विनीजवळ आले. तिच्या कानामागून त्यांनी मला काढून घेतलं. डोळे भरून आले होते त्यांचे. आज हा पेनही साजच आहे, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी माझं टोपण काढलं आणि उगाळलेलं दाट गंध, वर चिमूटभर अक्षता आणि हळद, नेमकं माझ्या टोकालाच लावलं. नमस्कार करून मला परत दिलं.

मित्रांनो, असा मान आमच्यात कुणाला मिळाला नसेल. पण माझं तोंड बंद झालं.

उत्तररंग सुरू झाला. "एका गावात एक माळी होता," भानुमतीबाई म्हणाल्या आणि चिपळ्या वाजवल्या. मनस्विनीनं मला कागदावर टेकवलं. एक पिवळट ओरखडा उठला, बस्स. तिनं जोरात दाबलं. गंध केसांच्या आत शिरलं. दुसरा ओरखडा. भानुमतीबाईंनी पाहिलं, त्यांनी माळ्याचं वर्णन लांबवलं. त्याचं मुंडासं, त्याचा मळा, विहीर. वर्णन तरी किती करणार? खांबाजवळचा एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "काय निघत नाही रे. चल." ते दोघं निघाले. त्यांच्यामागं तिसरा उठला. सर्जेरावांनी मांडीवरचा जुडगा हातात घेतला.

व्यंकटरावांना तेव्हा कळलं आपण काय केलं ते. पेटीवरची त्यांची बोटं थांबली.

"आजोबा, तुम्ही वाजवत राहा," मनस्विनी हळूच म्हणाली. समोरच देवापुढचं पंचपात्र होतं, पाण्यानं भरलेलं. तिनं दत्ताकडे बघून हात जोडले, मला त्या पाण्यात बुडवलं, घुसळलं, आणि ओढणीच्या टोकात धरून पिळून काढलं. परत बुडवलं. परत पिळलं. गंध निघालं, अक्षता निघाल्या. ओढणीवर काळं-पिवळं तळं झालं. न विरघळणाऱ्या शाईचा पेन असता तर गंधाबरोबर तोही तिथंच वाळून बसला असता. मी विरघळणारा, म्हणून वाचलो.

पण आता माझ्या टोकात शाईपेक्षा पाणीच जास्त. रेघ उमटली ती फिकट, धुरकट. मनस्विनी क्षणभर थबकली. मग तिनं कागदाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात एक एवढासा माणूस काढला, धुक्यातून येणारा.

भानुमतीबाईंनी मागं वळून पाहिलं आणि गोष्टीचा ताल तिथंच बदलला. "तर तो माळी लांबून येत होता. फार लांबून. दिसतो का तुम्हाला?"

"थोडा थोडा," प्रेरणा म्हणाली.

दुसरा माणूस मनस्विनीनं जरा खाली काढला, जरा मोठा, जरा गडद. माझी शाई हळूहळू टोकाशी उतरत होती. तिसरा आणखी मोठा. व्यंकटराव पेटीवर पावलांचा ठेका धरून होते. निघालेली ती तीन मुलं दारात थांबली, कारण पाठमोरं जाताना माळी कुठवर आला ते दिसत नव्हतं. ती परत येऊन चटईच्या कडेला बसली. चौथा माळी आला तो काळाकुळकुळीत, हातात काठी, डोळ्यांत काळजी. त्याची बकरी हरवली होती.

मग तपकिरी डागाला शिंगं आली. "बकरी," सगळे एकदम म्हणाले. प्रेरणा म्हणाली, "मी आधी ढेप म्हणाले होते ते नाही धरायचं." नारिंगी डागाचा झेंडूचा हार झाला, आणि हाराचं एक टोक बकरीच्या तोंडात गेलं. देवाच्या गळ्यातला हार बकरीनं खाल्ला होता, म्हणून देवळाच्या रखवालदारानं तिला खांबाला बांधून घातलं होतं.

रखवालदार काढायचा होता. मला तेवढ्या पिळण्यानं काय झालं होतं हे मनस्विनीच्या ध्यानात आलं नव्हतं. माझे केस पांगले होते. तिनं ओठांवर एक साधी मिशी ओढायला घेतली आणि माझ्या दोन्ही बाजूंनी रेघा फुटल्या, जाड, राठ, वर चढलेल्या. ती मिशी अख्ख्या कॉलनीत एकाच माणसाची होती. त्यात तिनं आधीच रखवालदाराच्या कमरेला किल्ल्या अडकवल्या होत्या.

आधी एक मूल हसलं. मग सगळ्यांच्या माना मागं वळल्या, खुर्चीकडे. मनस्विनीचा हात हवेतच राहिला. पुसायची सोय नाही. काळी रेघ म्हणजे काळी रेघ.

भानुमतीबाईंनी गोष्ट सोडली नाही. "रखवालदार म्हणाला, देवाचा हार खाल्ला, बकरी सोडणार नाही. माळी म्हणाला, दादा, हार मी देवाला दिला. देवाला आवडला, तो त्यानं बकरीला दिला. देण्याघेण्याचं आमच्या दोघांत मिटलंय. तुम्ही मधे कशाला बांधाबांध करता?"

सभामंडप हसला, म्हातारेही हसले, झोपणारे दोघं तर जागेच होते. सर्जेराव उठले. सावकाश चालत कागदापाशी आले. जवळून पाहिलं, मग दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. आपल्या मिशीवरून बोट फिरवलं.

"मिशी बरोबर हाय," ते म्हणाले. "पन प्वाट एवढं नाय माझं."

"ते रखवालदाराचं आहे, काका," मनस्विनी म्हणाली.

"व्हय का? मग ऱ्हाऊ द्या." ते मुलांकडे वळले. "बकरी सोडली का नाय मग त्यानं शेवटी?"

"सांगते ना," भानुमतीबाई म्हणाल्या. "बसा, पाटील. उभ्यानं गोष्ट ऐकू नये."

सर्जेराव खुर्चीपर्यंत गेले नाहीत. तिथंच चटईवर, मुलांच्या मधे मांडी घालून बसले. गोष्टीतली बकरी सुटली, शेवटची आरती झाली, तोवर एकही मूल घरी गेलेलं नव्हतं. चपला घालताना सर्जेराव व्यंकटरावांना एवढंच म्हणाले, "फुडच्या शनिवारी चटया जास्त लागतील. बिडकीनला आमच्या पाव्हण्याकडं ढिगानं हायेत, आणून टाकतो."

कोचिंग क्लासनं दुसरी जागा पाहिली. कीर्तन चालू आहे. मनस्विनीनं पुढं चाचांना सांगून न विरघळणारा काळा पेन मागवला. या वेळी रेघ वाळू दिली, ओलं बोट फिरवून पाहिलं, मगच घेतला. आता तिला रेघेवर रंग देता येतो. तरी शनिवारी ती आधी रंगच देते आणि मुलं आधी भांडतात. नव्या पेनाला भुवया मिळाल्या आहेत, मान्य करतो. मला बकऱ्यांच्या दाढ्या, गवत आणि जिथं जिथं राठ काही लागेल ते मिळतं. सर्जेरावांच्या मिशा अजून माझ्याच आहेत.

मित्रांनो, पेन किंवा मार्कर निवडताना घाई करू नका. कागदावर ओढून बघा, लांब जाऊन बघा, पाण्याचं बोट लावून बघा, अंगावरची बारीक अक्षरं वाचा. काम झालं की टोपण टक् वाजेपर्यंत दाबा आणि आम्हाला आडवं निजवा. आणि आमची पूजा करायची असेल तर जरूर करा, त्यात आम्हाला आनंदच आहे. फक्त गंध पाठीवर लावा, तोंडाला नको. त्या तोंडानं आम्हाला बोलायचं असतं.